‘सत्याचे स्थान’ : प्राचीन इजिप्तमधील एका श्रमिक-वस्तीचा इतिहास

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप आणि धम्मविजयाचा संकल्प यांबरोबरच पाच ग्रीक राजांचा नामनिर्देश आहे. त्यांतील ‘तुरमय’ म्हणजे इजिप्तवर राज्य करणारा दुसरा टॉलेमी (इ.स.पू. २८५ ते २४६) होय. पुढे, २०२२ साली, इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. सारांश, बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाला इजिप्त हा देश सर्वस्वी परका नाही.

अशोकाच्या लेखातील या तुरमयाचा नातू चौथा टॉलेमी याने नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोरील डोंगरकपारीत हाथोर देवीचे मंदिर बांधावयास घेतले. कालांतराने ख्रिस्ती संन्याशांनी त्याच मंदिरात मठ केला. त्यावरून त्या जागेस ‘देर अल्-मदिना’, म्हणजे ‘नगराचा मठ’, असे अरबी नाव पडले. परंतु टॉलेमीचे मंदिर उभे राहिले तेव्हाच तेथील मूळ वस्ती ओसाड होऊन आठशेहून अधिक वर्षे लोटली होती. प्रस्तुत लेखाचा विषय ती मूळ वस्ती हा आहे.

प्राचीन इजिप्तचा इतिहास म्हटला की पिरॅमिड, ममी आणि फॅरो राजांची नामावली डोळ्यांपुढे येते. खुफू राजाचा पिरॅमिड सुमारे १४६ मीटर उंच होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याचे दगड ज्यांनी वाहिले ते काय खात होते, आजारी पडल्यावर त्यांचे काय होत असे, मजुरी थकली तर ते कोणाकडे दाद मागत, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. बहुतेक प्राचीन संस्कृतींच्या बाबतीत ते विचारूनही उत्तर मिळत नाही, कारण लेखणी राजाच्या आणि पुरोहिताच्या हाती होती. देर अल्-मदिना हा या नियमाला मोठा अपवाद आहे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगविणाऱ्या श्रमिकांचे दैनंदिन जीवन येथे त्यांच्याच लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

वस्तीची घडण

नवराज्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७०) इजिप्तच्या राजांनी पिरॅमिड बांधणे सोडून दिले. थीब्ज नगरासमोरच्या डोंगरात, आज ‘राजांची दरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निर्जन स्थळी, खडकात खोल भुयारे खोदून ते आपली थडगी तयार करवून घेऊ लागले. या कामासाठी कुशल कारागिरांची एक कायमची टोळी ठेवण्यात आली आणि तिच्या निवासासाठी हे गाव वसविण्यात आले. गावाच्या जुन्या तटाच्या विटांवर पहिल्या थुटमोस राजाचा शिक्का आहे. गावकरी मात्र त्याच्या आधीचा राजा पहिला आमेनहोतेप आणि त्याची माता आहमोस-नेफरतारी यांना आपले आद्य आश्रयदाते मानून पूजीत असत.

वस्तीचे अधिकृत नाव ‘सेत माअत’, अर्थात ‘सत्याचे स्थान’, असे होते. रहिवाशांना ‘सत्याच्या स्थानातील सेवक’ म्हणत. तटाच्या आत सुमारे ६८ घरे होती. दगडी पायावर कच्च्या विटांच्या भिंती, एकामागून एक अशा चार-पाच खोल्या, मागील बाजूस चूल-भट्टी, खाली तळघर आणि वर धाब्याचे छप्पर अशी त्यांची रचना होती. पुढच्या खोलीत विटांचा एक ओटा असे. त्यावर कित्येकदा बेस या बुटक्या, विद्रूप पण कुटुंबवत्सल देवतेचे चित्र आढळते. बाळंतिणीचे आणि लेकरांचे रक्षण करणारी ही देवता होती. आमुनच्या भव्य मंदिरांत सामान्य माणसाला गाभाऱ्यापर्यंत प्रवेश नव्हता. त्याचे खरे देव त्याच्या ओट्यावर आणि कोनाड्यात राहत होते.

इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी १९०५ ते १९०९ या काळात आणि फ्रान्सच्या बर्नार्ड ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात येथे उत्खनन केले. गावाच्या उत्तरेस एक प्रचंड खड्डा होता. पुढे त्यात कचरा टाकला गेला होता, आणि त्या कचऱ्यातूनच लिहिलेल्या हजारो खापऱ्या व चुनखडकाच्या कपच्या बाहेर आल्या. पपायरस महाग असल्याने गावकरी हिशेब, पत्रे, तक्रारी, देणीघेणी, औषधांचे उतारे इत्यादी सर्व काही या कपच्यांवर लिहीत. त्यांनी ज्याला टाकाऊ समजून फेकून दिले, त्यातूनच त्यांचा इतिहास उभा राहिला आहे.

श्रम, वेतन आणि हजेरीपट

जहाजावरील खलाशांप्रमाणे टोळीचे ‘उजवी बाजू’ आणि ‘डावी बाजू’ असे दोन भाग असत. प्रत्येक बाजूवर एक मुकादम असे, आणि सर्व कामाची नोंद ठेवण्यास लेखनिक असे. आठवडा दहा दिवसांचा होता. कामाच्या दिवसांत कारागीर डोंगराच्या खिंडीतील दगडी झोपड्यांत मुक्काम करीत व सुट्टीस गावी परतत. तांब्याच्या आणि कांशाच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या होत्या. त्या वजन करून दिल्या जात आणि वजन करूनच परत घेतल्या जात. भुयारातील अंधारात दिव्याच्या वाती किती जळाल्या याचाही हिशेब राहत असे.

नाणी अद्याप अस्तित्वात नव्हती, त्यामुळे वेतन धान्यात मिळे. साध्या कारागिराला दरमहा चार ‘खार’ खपली गहू आणि दीड ‘खार’ जव मिळत असत. गव्हाची भाकरी होई आणि जवाची बीअर. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर, त्यामुळे हे एकूण माप ४०० लिटरांहून थोडे अधिक भरते. मुकादमाला साडेसात खार मिळत. याखेरीज मासे, भाजीपाला, जळण, मडकी, कपडे आणि तेल यांचा पुरवठा होई. गावात पाण्याचा झरा नव्हता, म्हणून नदीकाठाहून गाढवांवर पाणी आणावे लागे. पाणके, कोळी, कुंभार, लाकूडतोडे आणि परीट असा एक वेगळा वर्ग या पुरवठ्यासाठी राबत होता.

दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या राज्यवर्षातील (इ.स.पू. सुमारे १२४०) चुनखडकाचा एक मोठा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो या टोळीचा हजेरीपट होय. त्यावर चाळीस कामगारांची नावे आहेत. गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईने आणि कारणे तांबड्या शाईने लिहिलेली आहेत. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी आईच्या शवाला मसाले भरण्याच्या विधीस गेला, कोणी सणासाठी बीअर गाळीत होता. पत्नी किंवा मुलगी मासिक पाळीत असल्याचे कारणही अनेकदा नोंदलेले आहे. आज ही यादी वाचताना तीन हजार वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे होते. येथे माणसे आजारी पडत होती आणि तिची नोंद घेतली जात होती. टोळीत एक वैद्य आणि एक विंचू उतरविणाराही असे व त्यांना या कामाबद्दल जादा धान्य मिळे.

स्त्रियांच्या स्थितीविषयीही येथील कागदपत्रे बोलकी आहेत. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या राज्यवर्षी नाउनाख्त नावाच्या वृद्ध स्त्रीने गावच्या न्यायसभेपुढे आपले मृत्युपत्र नोंदविले. आठ मुलांना आपण वाढविले, परंतु त्यांतील काहींनी म्हातारपणी आपली विचारपूस केली नाही, म्हणून आपल्या स्वतःच्या मालमत्तेत त्यांना वाटा मिळणार नाही, असे तिने त्यात स्पष्ट केले. स्त्रीची मालमत्ता स्वतंत्र आहे आणि ती कोणाला द्यावी हे तीच ठरवील, ही गोष्ट त्या सभेने मान्य केली होती.

तथापि, या वस्तीचे चित्र अवास्तव उजळ करून पाहणे योग्य नाही. हे कारागीर गुलाम नव्हते, हे खरे. परंतु त्यांच्या घरांसाठी धान्य दळणाऱ्या दासी होत्या आणि त्यांच्या श्रमाचे दिवस घरोघरी वाटून दिलेले होते. टोळीतील जागा शक्यतो बापाकडून मुलाकडे जात असे. मुकादमच जुलमी निघाल्याचेही उदाहरण आहे. इ.स.पू. सुमारे १२०० मधील पानेब नावाच्या मुकादमाविरुद्धचा तक्रारअर्ज उपलब्ध आहे. वजिराला नोकर लाच म्हणून देऊन जागा मिळविणे, राजाच्या कामावरील दगड स्वतःच्या थडग्यासाठी पळविणे, कामगारांना खासगी कामास जुंपणे असे आरोप त्यात आहेत. शिवाय या कारागिरांच्या ताटातील भाकरी शेतकऱ्याकडून वसूल केलेल्या धान्याची होती. त्या शेतकऱ्याने लिहिलेली कपची आपल्याजवळ नाही. श्रमिकांमध्येही ज्याच्या हाती लेखणी आली, त्याचाच आवाज टिकला.

माअत : राजाचे तत्त्व आणि परलोकाचा तराजू

ज्या शब्दावरून वस्तीला नाव मिळाले, तो ‘माअत’ हा शब्द इजिप्तच्या विचारविश्वाचा कणा होता. सत्य, न्याय, योग्य क्रम, सृष्टीची सुव्यवस्था हे सर्व अर्थ त्यात एकवटलेले आहेत. माअतची देवीरूपात कल्पना केलेली असून तिच्या मस्तकावर शहामृगाचे पीस असते. नाईलला वेळेवर पूर येणे, शेत पिकणे, मापात खोट नसणे, दुर्बलाला बलवानाने न लुबाडणे ही सर्व माअतची रूपे होत. ही व्यवस्था पृथ्वीवर टिकविण्याची जबाबदारी राजाची मानली जाई. मंदिरांच्या भिंतींवर राजा आपल्या तळहातावर माअतची लहान मूर्ती घेऊन ती देवाला अर्पण करताना दाखविलेला असतो. राजा देवपुत्र आहे म्हणून पूज्य, आणि तो माअत राखतो म्हणून त्याचे राज्य न्याय्य, अशी ही विचारसरणी होती.

मृत्यूनंतरच्या न्यायाचे मापही माअत हेच होते. ‘मृतांचा ग्रंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेतील १२५व्या प्रकरणात ओसायरिस देवासमोरील न्यायसभेचे वर्णन येते. तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय आणि दुसऱ्यात माअतचे पीस ठेवले जाई. आपण चोरी केली नाही, हत्या केली नाही, कोणाला रडविले नाही, कोणाला उपाशी ठेवले नाही, मापात घट केली नाही, असे मृत व्यक्ती ४२ न्यायदेवतांपुढे सांगत असे. हृदय जड ठरल्यास मगरीच्या तोंडाची राक्षसी ते गिळून टाकी.

नीतीच्या इतिहासात या कल्पनेचे मोल मोठे आहे. आरंभी, इ.स.पू. चोविसाव्या शतकातील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, परलोकाचे मंत्र केवळ राजासाठी कोरलेले होते. पुढील सहस्रकात ते उमरावांच्या शवपेट्यांवर आणि नंतर ऐपत असलेल्या कोणाच्याही पपायरसवर उतरले. देर अल्-मदिनाचे कारागीरही स्वतःच्या सुट्टीच्या वेळात स्वतःसाठी रंगीत थडगी तयार करू लागले. सेन्नेजेम या कारागिराचे थडगे १८८६ साली सापडले. त्यात तो आणि त्याची पत्नी परलोकातील हिरव्या शेतात शुभ्र वस्त्रे नेसून नांगरणी व कापणी करताना दिसतात.

पण याच विचाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तराजूपुढे साक्ष देताना हृदयाने आपल्याविरुद्ध बोलू नये, असा मंत्र कोरलेला दगडी भुंगा शवाच्या छातीवर ठेवला जात असे. मृतांच्या ग्रंथाच्या नक्कला नावाची जागा रिकामी ठेवून आधीच तयार केल्या जात आणि विकत घेणाऱ्याचे नाव नंतर भरले जाई. परलोकात शेतीचे काम सांगितले गेले तर आपल्याऐवजी राबाव्यात म्हणून ‘शाब्ती’ नावाच्या छोट्या बाहुल्या सोबत पुरल्या जात. काही वेळा त्यांत चाबूकधारी मुकादम-बाहुल्याही असत. म्हणजे सदाचरणाची कसोटी मांडली गेली आणि ती चुकविण्याची साधनेही तिच्याच शेजारी विक्रीस ठेवली गेली. कर्माचे मूळ चेतनेत आहे, असे मानणाऱ्या बुद्धाच्या शिकवणीत हृदयाला गप्प बसविणाऱ्या मंत्राला जागा नाही. दोन्ही विचारांतील हा भेद मूलगामी आहे.

एकोणतिसावे राज्यवर्ष

माअतची खरी परीक्षा परलोकात नव्हे, तर धान्याच्या कोठारापुढे झाली. तिसरा रामसेस (इ.स.पू. सुमारे ११८६ ते ११५५) हा नवराज्याचा शेवटचा बलाढ्य राजा मानला जातो. सागरमार्गे आलेल्या आक्रमकांवरील त्याच्या विजयाची चित्रे मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतींवर आहेत. ते मंदिर कारागिरांच्या वस्तीपासून जवळच होते. याच राजाच्या एकोणतिसाव्या राज्यवर्षी (इ.स.पू. सुमारे ११५७) काय घडले, याची हकिकत ज्या पपायरसवर लिहिली आहे, तो आज इटलीतील तुरिन येथील संग्रहालयात आहे. ती लिहिणारा आमेननाख्त हा वस्तीचाच लेखनिक होता.

हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी टोळीने काम थांबविले. ती स्मशानभूमीचे पाच पहारे ओलांडून बाहेर पडली आणि तिसऱ्या थुटमोसच्या मंदिरामागे जाऊन बसली. महिन्याचे अठरा दिवस लोटले तरी शिधा नाही आणि आम्ही उपाशी आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांनी शपथा घालून परत बोलाविले, तरी ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिराच्या दाराशी गेले. तिसऱ्या दिवशी आत शिरून त्यांनी तेथील अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणे मांडले. भूक आणि तहान यांनी आम्हांला येथे आणले आहे. वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे फॅरोला आणि वजिराला कळवा, असा त्याचा आशय होता. त्याच दिवशी मागील महिन्याचा थकलेला शिधा त्यांना देण्यात आला. इतिहासात लेखी नोंद असलेला हा पहिला संप मानला जातो.

प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. पुढील महिन्यांत टोळी पुन:पुन्हा बाहेर पडली. पहारेकऱ्यांचा प्रमुख मोन्तमोस याने तर कामगारांना असा सल्ला दिला की, घरांना कड्या घाला, बायकामुलांना बरोबर घ्या, मी तुमच्यापुढे चालतो आणि तुम्हांला सेती राजाच्या मंदिरात नेऊन बसवितो. एका प्रसंगी कामगारांनी सांगितले की, आम्ही केवळ भुकेसाठी पहारे ओलांडलेले नाहीत. फॅरोच्या या स्थानी दुष्कृत्य घडले आहे आणि आम्हांला त्याविषयी गंभीर तक्रार करावयाची आहे. हे विधान फार महत्त्वाचे आहे. भाकरीची मागणी येथे न्यायाच्या मागणीपर्यंत पोहोचली. ‘सत्याच्या स्थानात’ राहणारी माणसे राजाचेच तत्त्व त्याच्या कारभाराला लावून पाहत होती.

राजाच्या राज्यारोहणाचा तीस वर्षांचा महोत्सव जवळ आला होता. वजीर ‘ता’ हा त्या उत्सवासाठी दक्षिणेकडील देवमूर्ती उत्तरेस नेण्याकरिता आला, पण कामगारांना न भेटताच निघून गेला. तुमचा शिधा हिरावून घेण्यासाठी माझी नेमणूक झालेली नाही, परंतु कोठारातच काही नाही. जे सापडले ते देतो, असा त्याचा निरोप आला. हाती पडला तो अर्धा शिधा.

कोठारे रिती का झाली, याची अनेक कारणे अभ्यासक देतात. युद्धांचा खर्च, धान्याच्या किमतीतील वाढ आणि वसुलीतील भ्रष्टाचार ही त्यांपैकी काही. परंतु एक दस्तऐवज येथे आवर्जून पाहावा लागतो. रामसेसच्या मृत्यूनंतर तयार झालेला, सुमारे ४० मीटर लांबीचा ‘हॅरिस पपायरस’ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या राजाने देवालयांना काय दिले, त्याची ती यादी होय. एकट्या थीब्जच्या आमुन देवाच्या ताब्यातील माणसांची संख्या तीत ८६,४८६ आणि जनावरांची ४,२१,३६२ नोंदलेली आहे. देवाच्या नावे एवढी संपत्ती साठलेली असताना, त्याच नगरासमोरच्या वस्तीतील काही डझन कुटुंबांचा महिन्याचा शिधा वेळेवर पोहोचत नव्हता. दोन्ही पपायरस एकाच राजाच्या काळाविषयी बोलतात. राज्याने जतन करावा म्हणून लिहिलेला पहिला आहे, आणि एका वस्तीच्या लेखनिकाने रोजच्या घडामोडींची टिपणे म्हणून लिहिलेला दुसरा.

अखेर

पुढील घटना थोडक्यात सांगता येतील. तिसऱ्या रामसेसचा अंत राजवाड्यातील कटात झाला. राणी तिये आणि राजपुत्र पेन्तावेरे यांच्या या कटाच्या खटल्याची नोंद उपलब्ध आहे, आणि राजाच्या ममीचा गळा खोलवर चिरलेला असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीतून दिसून आले. ज्याला देव मानले त्याचे शरीरही सुरीने कापले गेले. नवव्या रामसेसच्या काळापर्यंत शिधा थकण्याचे प्रसंग पुन:पुन्हा येत राहिले. त्याच्या सोळाव्या राज्यवर्षी (इ.स.पू. सुमारे १११०) राजांची थडगी फोडणाऱ्यांचे खटले चालले. आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाने सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडून सोने वाटून घेतल्याची कबुली दिली. अकराव्या रामसेसच्या अस्थिर राजवटीत वस्तीतील लोक सुरक्षेसाठी मेदिनेत हाबूच्या तटामागे राहावयास गेले आणि देर अल्-मदिना ओस पडले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायाचे उदात्त तत्त्व प्राचीन इजिप्तने निर्माण केले, पण त्याची राखण राजाकडे आणि त्याचा निवाडा परलोकाकडे सोपविला. ज्यांना ते तत्त्व रोजच्या जेवणाच्या मापाने मोजावे लागले, त्यांनी निवाड्यासाठी मरणाची वाट पाहिली नाही. ते मंदिराच्या दाराशी जाऊन बसले आणि याच जन्मी, याच महिन्याचा हिशेब मागू लागले. कोणाला उपाशी ठेवले नाही, हे वाक्य फॅरोच्या अधिकाऱ्यांना मृत्यूनंतर ओसायरिसपुढे उच्चारावयाचे होते. कामगारांनी त्याचा जाब त्यांना जिवंतपणीच विचारला.

राजांची दरी पाहण्यास आज जगभरातून प्रवासी येतात. त्या भुयारांच्या भिंतींवरील रंग अजून ताजे आहेत. ते पाहताना त्या रंगांमागच्या हातांची नावे, त्यांच्या रजेची कारणे, त्यांची माणसे आणि त्यांचा थकलेला शिधा यांचीही नोंद आपल्याजवळ आहे, याचे भान असावे. राजाचा इतिहास भिंतीवर लिहिला गेला. माणसाचा इतिहास कचऱ्याच्या खड्ड्यातील कपच्यांवर शोधावा लागला, आणि तो सापडला.